शिसं कुठनं आलं

पाणी चांगलं निघालं, म्हणून घरात कुणालाच आनंद झाला नाही.

आरोग्य खात्याच्या बाईंचा फोन सकाळी आला. धाकटीनं, घरच्या धाकट्या सुनेनं, तो जिन्यात उभं राहून घेतला. नळाचं पाणी चांगलं. भिंतीचा रंग चांगला. चिऊच्या खेळण्यांत काही नाही. खिडकीच्या चौकटीवरच्या धुळीत थोडंफार सापडलंय, खाली वर्कशॉप आहे म्हटल्यावर तेवढं सापडणारच. पण पोरीच्या रक्तात जेवढं शिसं आहे, तेवढं त्या धुळीतनं येणार नाही.

"म्हणजे पोटात जातंय काहीतरी," बाई म्हणाल्या. "खाण्यातनं नाहीतर पिण्यातनं. मी उद्या परत येते. तोवर जरा आठवून ठेवा, गेल्या काही महिन्यांत घरात नवीन काय आलं."

"आणि ते सापडेपर्यंत? चिऊला घरी आणू?"

"आणू नका."

बाईंनी हे म्हणायला क्षणसुद्धा घेतला नाही.

घरात उंदीर मेला तर वास येतो. वासामागं जाता येतं, कपाट सरकवता येतं, नाकाला पदर लावून का होईना माणूस त्याला शोधून काढतो. शिशाला वास नाही. चवही नाही, असलीच तर जराशी गोडसर, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते. त्या गोडसरनंच धाकटीची झोप उडवली होती. पोर गोड मानून खात असणार आणि आपण कौतुकानं भरवत असणार.

चिऊ चांगली बोलायला लागली होती. पाणी, बाबा, टिंगी, दे, नको. मग एकेक शब्द गळायला लागला. आधी 'टिंगी' गेली, मग 'पाणी' गेलं. नुसता 'नको' उरला होता. एक दिवस तोही गेला. पोट धरून रडायची, पांढरीफटक दिसायची आणि कुणी हाक मारली तर भिंतीकडं बघायची. रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी दोघांना खुर्चीवर बसवूनच आकडा सांगितला. त्या दिवसापासनं चिऊ आजोळी होती. घरातलं जे काही आहे त्यापासनं लांब. निदान तिथं तरी पोर सुरक्षित आहे, एवढ्या एका वाक्यावर धाकटी दिवस काढत होती.

दुपारी ताई आली. नणंद लग्न होऊन गेली तरी या घराचा रिमोट तिच्याच पर्समध्ये असायचा. ती कोर्टात कारकून. दुसऱ्यांचे निकाल टाइप करून करून तिला स्वतःला निकाल द्यायची सवय लागलेली. आल्या आल्या तिनं टेबलाच्या टोकाची खुर्ची घेतली. सगळ्यांना बसायला लावलं. अण्णा खिडकीपाशी. थोरला दादा त्यांच्याशेजारी, हातावर वर्कशॉपचं काळं. धाकटा भिंतीला टेकून उभाच; तो बस चालवायचा, दिवसभर बसून असायचा, म्हणून घरात उभा राहायचा. मोठी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात, एक कान गॅसकडं. तिची सहा वर्षांची टिंगी टेबलाखाली.

"मी स्पष्ट बोलते," ताई म्हणाली.

"तू अस्पष्ट कधी बोललीस?" दादा म्हणाला.

"गप रे. पोरगी वर्षाची होईपर्यंत ठणठणीत होती. खरंय ना? मग हिच्या डोक्यात ते प्लॅस्टिकचं खूळ शिरलं. डबे फेकले. बाटल्या फेकल्या. चांगला चालता तवा फेकला, का, तर म्हणे त्याचं काळं निघतंय. कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा ठेवल्या नाहीत. आणि त्यानंतर पोर आजारी पडली. माझं एवढंच म्हणणं आहे."

"प्लॅस्टिक काढल्यानं शिसं कसं येईल, ताई?" धाकटीनं विचारलं.

"मला काय माहीत? पण माणूस घर ढवळायला लागला की तळाचा गाळ वर येतो, एवढं कळतं मला."

 खूळ होतंच ते, नाकारायचं कसं. चिऊचा भात धाकटी प्लॅस्टिकच्या वाटीत गरम करायची, मायक्रोवेव्हमध्ये. एक दिवस वाटी बाहेर काढली तर कडेला फोड आलेले, पोळल्यावर अंगाला येतात तसे. वाटीचा तेवढा भाग गेला कुठं? भातातच की. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासताना ती त्या फोडांचाच विचार करत राहिली, आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं फडताळ रिकामं करायला घेतलं. मोठीचे डबे होते ते, माहेरनं आणलेले, झाकणांना फुलं होती. मोठी चार दिवस बोलली नाही. नंतर बोलली तेव्हा 'काचबाई' म्हणूनच हाक मारली. दादा म्हणाला, उद्या आम्हालाही बरणीत घालून ठेवशील.

अख्ख्या घरात एकटे अण्णा तिच्या बाजूनं उभे राहिले. सासरा असा सुनेच्या खुळात सामील झालेला कुणी पाहिला नव्हता. माई गेल्यापासनं माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेली तांब्याची भांडी त्यांनी स्वतः खाली काढली, मागच्या अंगणात शेगडी पेटवली आणि एका रविवारात सगळ्यांना कल्हई केली. सुनेला म्हणाले, "घे. हे आता तुझ्या नातवंडांपर्यंत चालेल."

"खेळण्यांचंच असणार ते," दादा म्हणाला. "नाहीतर तुझ्या त्या बरण्या. जुन्या बाजारातल्या ना? काचेतसुद्धा शिसं असतं म्हणे."

"बरण्या तपासल्यात दादा. बाईंनी सगळं विचारलं. प्लॅस्टिक किती, मी म्हटलं एकसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, वा."

"मग वर्कशॉप उरलं," भिंतीशी उभा असलेला धाकटा म्हणाला.

तो बोलला म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. महिनाभर त्याच्या तोंडातनं हो-नाहीपलीकडं काही निघालं नव्हतं.

"बोल," दादा म्हणाला. "बोल ना पुढं. थांबलास का?"

"तुम्ही दोघं खालनं त्याच कपड्यांत वर येता. त्याच हातानं दार उघडता."

"आणि तुझ्या बसच्या सीटला अत्तर लावलेलं असतं का रे? धुळीनं एवढं होत नाही म्हणून त्या बाईनंच सांगितलं ना? रोग रेड्याला नि औषध पखालीला. उद्या ती कुलूप लावून जाईल वर्कशॉपला, मग बस वाजवत टाळ्या."

"माझी पोर बोलायची थांबलीये, दादा."

"मला कळतं ते."

"नाही कळत."

"मला कळतं." हे मोठी म्हणाली, दारातनं, अगदी हळू. पदराला हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती. "टिंगीचंही पोट दुखतं. रोज सकाळी दुखतं म्हणते. मला वाटायचं, शाळा बुडवायला करते."

टेबलाखालची खुसपूस बंद झाली.

"मला सांगितलं नाहीस," दादा म्हणाला.

"सांगितलं की. तू म्हणालास जंत असतील, वाढत्या वयात होतं."

मोठी आत येऊन धाकटीशेजारच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती. दोघींच्या मध्ये नेहमी एखादी खुर्ची, एखादा डबा, एखादी जुनी गोष्ट असायची. तिनं टेबलाखाली हात घातला आणि टिंगीला चाचपलं, आहे ना ती जागेवर असं बघितल्यासारखं.

ताईनं घसा साफ केला. निकाल आला. "धाकट्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं. वर्कशॉपच्या डोक्यावर पोरं वाढवायचीच कशाला?"

"आणि टिंगी काय हवेत वाढणार?" मोठी म्हणाली. "ते निघाले तर आम्हीही निघू."

"तू कुठं निघतेस?" दादा म्हणाला. "आणि मी? मी काय करू, अण्णांना एकटं टाकू?"

"अरे, बापाच्या समोर बापाची वाटणी करता?" ताई म्हणाली. "ते बसलेत ना इथं."

अण्णा बसले नव्हते. उठून उभे राहिले होते. चष्मा खिशात घातला. "संध्याकाळी एकजण ट्रकचा रेडिएटर न्यायला येणारे," ते म्हणाले. "तेवढा उरकतो. तुमचं काय ते ठरलं की हाक मारा."

जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावरनं घसरत घसरत गेला. 

जेवायला बसायची वेळ टळून गेली होती. मोठीनं पानं घ्यायला सुरुवात केली आणि धाकटीला म्हणाली, "अण्णांना तू बोलव. माझ्याच्यानं आत्ता तोंड दाखववत नाही त्यांना."

धाकटी खाली गेली. बरंच झालं, तिला वाटलं. दोन शब्द बोलता येतील. वर सगळे वर्कशॉपवर घसरले, तेव्हा आपण एक अक्षर बोललो नाही. आणि आपल्या वेळी हे एकटे बोलले होते.

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. भिंतीला रेडिएटर टेकवलेले, मोठे, छोटे, कुणाची जाळी चेपलेली, कुणाची टाकी फुटलेली. मधल्या लोखंडी टेबलावर अण्णांनी ट्रकच्या रेडिएटरची पितळी टाकी आडवी घातली होती.

"काय लागला निकाल?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "घालवायचं का मला कुठं?"

"जेवायला बोलावलंय."

"म्हणजे फाशीआधीचं जेवण."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "अण्णा, वर जे बोलले ना सगळे, ते मनावर घेऊ नका. घाबरलेत म्हणून बोलतात."

"मी पण घाबरलोय," अण्णा म्हणाले. "मी कुणावर बोलू? एवढी कड घेतो, मग येतो."

त्यांनी गॅसचा टॉर्च पेटवला. निळी ज्योत पितळेच्या कडेवरनं पुढं मागं फिरवली. ब्रशानं तेजाबाचं पाणी लावलं, चर्र झालं, धूर आला. मग कांडी टेकवली. कांडीचं टोक मऊ झालं आणि थेंब सुटून पाऱ्यासारखा पळाला. अण्णांनी डाव्या हातातला कापसाचा बोळा घेतला आणि तो थेंब कडेकडेनं पुसत नेला, मनगट एकदाच वळवून, अंगठा बाहेर ठेवून. काळपट पितळ त्यांच्या हातामागं चांदीसारखं होत गेलं.

धाकटीची नजर त्या मनगटावरच अडकली. का, ते तिला लगेच कळलं नाही.

तो हात तिनं पाहिला होता. असाच. मनगट एकदाच वळणारा, अंगठा बाहेर. मागच्या अंगणात, शेगडीपाशी, नवसागराच्या पांढऱ्या धुरात. सगळं घर गोल करून बसलं होतं तेव्हा, टिंगी टाळ्या वाजवत होती, आणि पातेल्याचा काळा तळ बघता बघता आरसा झाला होता. त्यात वाकून चिऊनं स्वतःला पाहिलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली. "ही कांडी कशाची असते?"

"डागाची. सांधा जोडायची."

"म्हणजे कशाची? काय काय असतं तिच्यात?"

"कथील असतं. शिसं असतं. शिशाशिवाय डाग धरत नाही." त्यांनी ज्योत बारीक केली. "म्हणून तर साबणानं हात घासल्याशिवाय मी तुझ्या पोरीला उचलत नाही. बघतेस ना तू? कोपरापर्यंत धुतो."

"बघते." तिचा आवाज तिलाच लांबनं आला. "आणि भांड्यांना कुठली लावली?"

"कुठल्या भांड्यांना?"

"माईंच्या. आपल्या."

"कथील लावलं. शुद्ध. माझ्या वडिलांच्या वेळचं होतं डब्यात, वेगळं ठेवलेलं."

"सगळ्यांना?"

अण्णांनी टॉर्च बंद केला. एवढा वेळ फुसफुसणारा आवाज गेला आणि रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली.

"परातीला नि पाण्याच्या तांब्याला पुरलं," ते म्हणाले. "मग संपलं. आता शोधायला गेलो तर मिळत नाही कुठं, आणि शेगडी पेटलेली, तुम्ही सगळे बसलेले. कांडीत पण कथीलच असतं गं. निम्मं तरी असतं. चकाकी तीच आली. तुला फरक दिसला का? मलाही नाही दिसला."

"तिच्यात शिसं आहे, अण्णा."

"आहे, पण ते कल्हईत गेलं. धरून बसलं. धूळ नाही ती उडायला." बोलता बोलता ते थांबले. "छे," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "छे. आम्ही आयुष्यभर यात हात घालतोय. काय झालं आम्हाला?"

हे विचारताना त्यांनी हात पुढं केला, दाखवायला. हात थरथरत होता. सकाळी चहाचा कप धरतानाही थरथरायचा. वय झालं, असं सगळे म्हणायचे. स्वतः अण्णाही म्हणायचे.

दोघांनीही त्या हाताकडं पाहिलं. मग धाकटी जिन्याकडं पळाली.

वर मोठी वाढत होती. टोमॅटोचं सूप, मोठ्या पातेल्यात, सकाळी करून त्यातच ठेवलेलं. धाकटीनं तिच्या हातनं पळी घेतली आणि पातेलं खिडकीपाशी नेऊन तिरकं केलं. सूप जिथवर होतं त्याच्यावर भांडं लखलखीत होतं. खाली मात्र करडं पडलेलं, निस्तेज, आणि तळाशी पळी रोज जिथं घासायची तिथं तांब्याचा लाल डाग उघडा पडला होता. हातरुमालाएवढा.

"काय बघतेस?" मोठीनं विचारलं.

"वहिनी, इथली कल्हई कुठं गेली?"

"झिजली असेल. भांडं म्हटल्यावर झिजतंच."

"झिजून कुठं गेली?"

मोठीनं वाकून तळाकडं पाहिलं. तिला उत्तर सापडलं तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला, वरनं खाली, पाणी उतरतं तसा.

टोमॅटो. दही. लिंबू. बाईंनी विचारलं होतं, आंबट काय खाता आणि कशात ठेवता, आणि धाकटीनं छाती पुढं काढून सांगितलं होतं, प्लॅस्टिकमध्ये नाही. चिऊला मऊ भात लागायचा तोसुद्धा लिंबू पिळून. एरवी तोंड फिरवायची, पण लिंबू पिळलं की खायची. धाकटीच रोज पिळायची. पातेल्यातच, गरम असताना.

तिनं पातेलं बाहेर टेबलावर नेऊन ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. तेवढीच तिच्याकडं होती.

"वेडी आहेस का तू?" दादा उठला. "वर्कशॉप झालं, आता भांडी. उद्या म्हणशील, अण्णांच्या श्वासात शिसं आहे. ती बाई उद्या येईल, तिला दाखव. आत्ता पानं वाढलीत, माणसांना जेवू दे."

"नाही जेवायचं," मोठी म्हणाली, आणि नवऱ्याच्या पुढ्यातली वाटी उचलून घेतली.

"ए, ठेव ती खाली."

"नाही ठेवत."

ताई आपल्या पानाकडं बघत होती. तिनं अर्धी वाटी संपवली होती. चमचा हळूच बाजूला ठेवला, आवाज होऊ न देता. "पण अण्णा असं कसं करतील?" ती म्हणाली. "त्यांना काय कळत नाही का? सगळ्या कामगारांना हात धुवायला लावणारा माणूस तो."

"मग? तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला.

"कळतं म्हणूनच विचारतेय. कळत होतं तर केलं का?"

"आत्ता त्यांच्या बाजूनं बोलत होतीस ना?"

"आत्ताही त्यांच्याच बाजूनं बोलतेय. तू ओरडू नकोस माझ्यावर."

जिन्यात पावलं वाजली. अण्णा आले. कोपरापर्यंत हात धुऊन आले होते. बाह्या ओल्या होत्या. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. धाकटा पुढं झाला आणि त्यानं विचारलं, "अण्णा, ही म्हणते ते खरं आहे?"

अण्णा आपल्या खुर्चीवर बसले. पातेलं जवळ ओढलं. पळीभर सूप वाटीत घेतलं.

"मी रोज यातच जेवतो," ते म्हणाले. "तुम्ही जेवता त्याच्या दुप्पट जेवतो. हे बघा. मरत असेन तर तुमच्यासमोर मरतो, म्हणजे त्या बाईलाही उद्या यायला नको."

"अण्णा, हट्ट नका करू," ताई म्हणाली.

"हट्ट कसला? भूक लागलीये."

त्यांनी चमचा भरला. आणि टेबलाखालनं टिंगी बाहेर आली. या घरात लहानात लहान पोराला पहिला घास अण्णांच्या वाटीतला असायचा. दादाला मिळाला होता, ताईला, धाकट्याला. टिंगीला मिळायचा, मग चिऊ जेवायला लागली आणि तो चिऊला जायला लागला, त्यावरनं टिंगी किती दिवस रुसली होती. आज चिऊ नव्हती. टिंगी अण्णांच्या मांडीला टेकून उभी राहिली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मोठीच्या तोंडातनं एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. ती धावली असती. धाकटीनं तिचा हात धरला. का धरला ते तिला कधीच सांगता आलं नाही. अण्णांचा चेहरा तिला दिसत होता, म्हणून असेल.

अण्णांचा चमचा हवेत होता. टिंगीच्या उघड्या तोंडाकडं ते बघत होते. पडलेल्या दाताची खिडकी, गुलाबी जीभ. त्यांचा हात थरथरायला लागला, सूप त्यांच्या शर्टावर सांडलं, मग टेबलावर सांडलं, शेवटी चमचा रिकामा झाला तरी तो तसाच हवेत होता.

"अण्णा, दे ना," टिंगी डोळे न उघडता म्हणाली.

"नाही बाळा," अण्णा म्हणाले. "आज नाही. जा, चूळ भरून ये. आईला घेऊन जा."

त्यांनी चमचा उपडा ठेवला. वाटी लांब सरकवली.  मोठी टिंगीला उचलून मोरीकडं गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, आणि मोठीचा, परत भर, अजून एकदा भर, थुंक.

"उद्या सगळ्यांनी रक्त द्यायचं," ताई म्हणाली. या वेळी तो निकाल नव्हता, ती विनवत होती. "सगळ्यांनी. अण्णा, तुम्हीसुद्धा."

अण्णांना ते ऐकू गेलं नसावं. ते बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत होते. परात, तांब्या. एक बोट. दुसरं बोट. मोठं पातेलं, मधलं, दह्याचं. मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी धाकटीकडं पाहिलं, आणि त्यांनी तिला हाक मारायच्या आधीच ती उठून उभी राहिली होती.

"पोरी," ते म्हणाले, "चिऊ गेली ना आजोळी, तेव्हा तिच्या पिशवीत मी तिचं छोटं पातेलं ठेवलं. तळाशी, कपड्यांच्या खाली. तिला दुसऱ्या कशातलं जेवण जात नाही, म्हणून. तुला सांगायचं राहिलं."

 आधी हलला तो धाकटा. भिंतीवरच्या खिळ्यावरनं किल्ली काढून तो जिना उतरायला लागला, दोन दोन पायऱ्या. धाकटीनं फोन लावला.  दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा घंटी वाजली, वाजत राहिली, आणि आईनं उचलला.

"बोल गं," आई म्हणाली. आवाज लांबनं येत होता. "स्पीकरवर ठेवलाय, माझे हात खरकटे आहेत. भरवतेय बाईसाहेबांना."

"कशात, आई?"

"काय?"

"भात कशात केलास?"

"हॅलो? अगं तुझा आवाज तुटतोय. थांब, हा एवढा घास झाला की बोलते. आ कर. आ. शहाणी ती."

फोनमधनं चमचा भांड्याच्या तळाला घासत होता. खर्र, खर्र. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू येत होता. ताईनं तोंडावर हात धरला. अण्णांनी दोन्ही हात मांडीखाली घातले होते, लहान पोरासारखे.

"आई," धाकटी म्हणाली, शक्य तेवढ्या सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, "चमचा खाली ठेव. तिला पुढचा घास देऊ नकोस."

खरवडणं थांबलं.

"अगं, देऊ कुठला आता?" आई हसत म्हणाली. "संपलं सगळं. लिंबू पिळलं मी आज चांगलं, तू सांगतेस तसं. पोरीनं पहिल्यांदा पातेलं चाटूनपुसून खाल्लं बघ."